हाताचा छंद, घरचा धंदा
क्रोशाच्या सुईपासून ऑनलाइन विक्रीपर्यंत

आपल्या मोहल्ल्यातील अनेक घरांत दुपारची कामे उरकली की एखादी आपा किंवा भाभी क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा घेऊन बसते. कुणी टोपी विणते, कुणी रुमालाला जाळी लावते, तर कुणी बाळासाठी मोजे करते. पाहणारे तारीफ करतात, नातेवाईक फुकट मागून नेतात आणि शेवटी कुणीतरी सुचवते, "मोबाईलवर फोटो टाका, घरबसल्या धंदा होईल." सल्ला चुकीचा नाही. परंतु छंद आणि धंदा यांच्यामध्ये एक पायरी आहे. ती न चढता पुढे गेलेल्यांचे हात रिकामेच राहतात. आज आम्ही त्या पायरीविषयी लिहीत आहोत.

आठ रुपये तास

आमच्या नात्यातील एका खालांची ही हकीकत. त्यांच्या हाताला सफाई आहे. एका वर्षी शाबान महिन्यात त्यांच्या मुलाने टोप्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकले आणि भाव ठेवला 150 रुपये. ईदपर्यंत 40 टोप्या गेल्या. 6,000 रुपये हाती आले म्हणून घरात आनंदीआनंद झाला.

ईदनंतर आम्ही सहज वही घेऊन बसलो. एका टोपीला 60 रुपयांचा दोरा, म्हणजे 2,400 रुपये. पिशवी, पुठ्ठा आणि चिकटपट्टीचे प्रत्येकी 15 रुपये धरून 600. वीस टोप्या बाहेरगावी गेल्या, त्यांचे टपाल 55 रुपयांप्रमाणे 1,100. उरले 1,900 रुपये. एका टोपीला सहा तास लागत होते, म्हणजे एकूण 240 तास झाले. भागाकार केला तेव्हा तासाला आठ रुपयेही पडले नाहीत. खाला काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसून एवढेच म्हणाल्या, "बेटा, मी तर फुरसतीतच विणत होते."

हा "फुरसतीतच" शब्द आपल्या कारागिरांचा मोठा शत्रू आहे. आंध्र प्रदेशातील नरसापूरची क्रोशाची लेस प्रसिद्ध आहे. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून लेस विणतात आणि तो माल परदेशात जातो. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा अभ्यास केला आणि 1982 मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना आढळले ते असे : विणणाऱ्या बायकांना कारागीर न मानता घरात बसणाऱ्या गृहिणी समजले जात असे. त्यांचे काम म्हणजे फावल्या वेळेचा उद्योग ठरल्याने मजुरी अगदी तुटपुंजी राहिली. नफा झाला तो व्यापारी आणि निर्यातदारांचा. आज मोबाईलमुळे मधला व्यापारी दूर करता येतो, हे खरे. पण विणणारीच आपली मेहनत फुकट धरू लागली, तर दलाल जाऊनही तिच्या पदरात काही पडणार नाही.

भाव कसा काढावा?

पहिले काम घड्याळ लावून करा. एक नग विणायला किती तास लागतात ते लिहा. धुणे, ताणून वाळवणे, फोटो आणि बांधणी यांचा वेळही त्यात धरा. मग तासाचा दर ठरवा. समजा तुम्ही 50 रुपये ठरवलेत, तर त्याच टोपीचा हिशेब असा होतो :

दोरा 60 रुपये, सुई व किरकोळ झीज 10, सहा तासांची मजुरी 300, बांधणी 15 आणि टपाल 55. एकूण 440 रुपये. त्यावर 15 टक्के नफा 66 रुपये. म्हणजे भाव सुमारे 506 रुपये. मजुरी आणि नफा हे दोन वेगळे आहेत, हे विसरू नका. मजुरी तुमच्या हातांची असते. नफा धंद्याचा असतो, आणि त्यातूनच पुढचा दोरा येतो व खराब झालेल्या मालाची भरपाई होते.

हीच टोपी विक्रीच्या एखाद्या पोर्टलवर ठेवायची असेल तर कमिशनचा विचार करावा लागतो. समजा सर्व मिळून 15 टक्के कापले जातात. बरेच जण 506 मध्ये 15 टक्के मिळवून 582 रुपये भाव लावतात आणि तिथेच फसतात. कारण कपात 582 वर होते, हाती 495 च येतात. बरोबर रीत अशी की 506 ला 0.85 ने भागावे. भाव 595 येतो, कपात होऊन तुमचे 506 शाबूत राहतात. माल परत आल्यास टपाल कोणाच्या खात्यावर पडते, हेही आधीच वाचून घ्या.

पण पाचशेची टोपी घेणार कोण?

हा प्रश्न रास्त आहे. बाजारात यंत्रावर विणलेली टोपी फार स्वस्तात मिळते आणि दूरून दोन्ही सारख्याच दिसतात. मात्र एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. स्वेटरसारखे सुयांवरचे विणकाम यंत्राने होते, परंतु खरा क्रोशा अजून हातानेच विणावा लागतो. यंत्राचा माल फक्त त्याची नक्कल असतो. हा फरक गिऱ्हाइकाला सांगा, जवळून काढलेल्या फोटोत दाखवा.

एवढ्याने भागले नाही तर भाव पाडण्याऐवजी वस्तू बदला. ज्या वस्तूत तास कमी लागतात आणि यंत्राचा माल आड येत नाही, ती निवडा. बाळाचे बूट आणि टोपरे यांचा संच चार तासांत झाला, तर वरच्याच रीतीने 50 रुपयांचा दोरा धरून भाव 380 रुपये निघतो. अकीक्याच्या भेटीसाठी हव्या त्या रंगात मिळणाऱ्या अशा संचाला लोक एवढे पैसे आनंदाने देतात. कुरआन शरीफचे जुजदान, दुपट्ट्याची किनार, ठरावीक मापाची टोपी असेही पर्याय आहेत. आमच्या खालांनी हेच केले. टोप्या त्या आता फक्त मागणीवरून आणि पूर्ण भावाने विणतात, बाकी वेळ बाळाच्या संचांना देतात. नग कमी झाले, पण तासाचे मोल मिळू लागले.

फोटो आणि माहिती

ऑनलाइन विक्रीत गिऱ्हाइकाला माल हातात घेता येत नाही, म्हणून फोटोनेच दुकानदाराचे काम करावे लागते. सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, साध्या एकरंगी कापडावर फोटो घ्या. एक पूर्ण वस्तूचा, एक टाक्यांचा जवळून, एक आतल्या बाजूचा आणि एक मोजपट्टीसह, एवढे चार फोटो पुरेत.

माहितीत दोरा सुती की ॲक्रिलिकचा, माप सेंटिमीटरमध्ये, धुण्याची पद्धत आणि किती दिवसांत मिळेल, हे लिहा. टोपीसाठी डोक्याचा घेर विचारून घ्या. "मोठी" किंवा "लहान" या शब्दांवर भांडणे होतात. फोटोत रंग थोडा वेगळा दिसत असेल तर तसे सांगा. मालातील ऐब आधी दाखवून मग सौदा करावा, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. मोबाईलवरच्या धंद्याला ती अधिकच लागू पडते, कारण समोरच्याकडे तुमच्या शब्दाशिवाय दुसरे काही नसते.

झेपेल तेवढीच ऑर्डर

रोज तीन तास विणले तर सहा तासांची टोपी महिन्याला पंधराच होतात. आजारपण, पाहुणे, मुलांच्या परीक्षा हेही असतेच. म्हणून बाराच ऑर्डरी घ्याव्यात आणि तेराव्याला पुढची तारीख द्यावी. टोप्यांची मागणी रमजानच्या आधी वाढते, आणि रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो. तेव्हा हिजरी दिनदर्शिका समोर ठेवून रज्जबपासूनच तयारी करा. मागणीवरून करायच्या कामाला निम्मी रक्कम आगाऊ घ्या. नातेवाइकांनाही भाव सांगा. भेट द्यायची असेल तर खुशीने द्या, पण वहीत ती भेट म्हणून लिहा.

पैशांचे व्यवहार

धंद्यासाठी वेगळे बचत खाते ठेवा आणि यूपीआय त्यालाच जोडा. एक गोष्ट घरातील प्रत्येकाला शिकवून ठेवा : पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. "आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असे कोणी म्हणाला, तर तो गिऱ्हाईक नसून चोर आहे. पैसे आल्याचा फोटो पाहून माल पाठवू नका, खात्यात जमा झाल्याची खात्री करा. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

कागदपत्रे

लहान उद्योगाची उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून ऑनलाइन होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालापासून सावध राहा. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वार्षिक उलाढाल 40 लाखांपर्यंत असेल तर राज्यातल्या राज्यात विकण्यासाठी सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून असे नोंदणी नसलेले विक्रेते जीएसटीच्या संकेतस्थळावरून नावनोंदणी क्रमांक घेऊन पोर्टलवरही विकू शकतात, पण फक्त आपल्या राज्यात. परराज्यात माल पाठवताना नियम कडक होतो. सरकारने यादीत घातलेल्या हस्तकलेच्या वस्तूंना तिथे 20 लाखांपर्यंत सवलत आहे, मात्र पॅन आणि ई-वे बिल लागते. आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे जाणकार कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या. असे नियम बदलत असतात, तेव्हा दरवर्षी चौकशी करावी.

शेवटी एवढेच

या धंद्याला कर्ज लागत नाही, दुकानाचे भाडे लागत नाही. दोऱ्याचे दहा गुंडे, एक सुई, घरातला मोबाईल आणि एक वही, एवढ्यावर सुरुवात होते. त्यातली वही सर्वांत महत्त्वाची. तारीख, वस्तू, खर्च, तास आणि आलेले पैसे असे पाच रकाने आखा. तीन महिन्यांनी ती वहीच सांगेल की कोणती वस्तू चालू ठेवायची आणि कोणती सोडायची.

आणि जे बंधू स्वतः दुकानदार आहेत, त्यांना आमची एक विनंती. दुकानात हमालाची आणि नोकराची मजुरी तुम्ही रोज हिशेबात धरता. आज घरी गेल्यावर तिथल्या विणकामाचे तासही एकदा मोजून पाहा.