दादासाहेबांचा कारखाना, सरस्वतीबाईंचं घर

आमच्या बचत गटाच्या बायकांना मी एका दुपारी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' दाखवला. परेश मोकाशींचा २००९ सालचा हा चित्रपट दादासाहेब फाळक्यांवर आहे. बायका पोट धरधरून हसल्या. मिशी काढायला तयार नसलेले नट बघून तर फारच. चहा झाला, निघायची वेळ झाली, आणि आमच्यातली एक जण म्हणाली, "ताई, तो साळुंके आचारी. त्याला तारामती व्हायला पंधरा रुपये दिले. मग सरस्वतीबाईंना किती दिले?"

मी म्हटलं, "तिला कसला पगार? तिच्या घरचाच कारखाना होता."

"म्हणजे आमच्यासारखंच," ती म्हणाली आणि चप्पल घालून गेली.

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाने मला फाळक्यांकडे पुन्हा नीट बघायला लावलं. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचा फोटो आपण शाळेपासून पाहतो. पण हा माणूस मुळात कुणाच्या नोकरीत न रमलेला, स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला कलावंत. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग, सगळं करून झालं. प्लेगात पहिली पत्नी आणि मूल गेलं. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. माहेरची गिरिजा सासरी सरस्वती झाली, वयाने त्यांच्याहून खूपच लहान. पुढे छपाईचा धंदा चांगला चालू लागला, तर भागीदारांशी बिनसलं आणि फाळके बाहेर पडले. चाळिशीचा बेकार नवरा, पदरात लहान मुलं. आपल्यापैकी किती जणींना हे चित्र ओळखीचं वाटेल!

अशा दिवसांत गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. डोळ्यांपुढे राम-कृष्ण दिसू लागले. पुन्हा बघायला ते बायकोला घेऊन गेले, तेही शेजाऱ्यांकडून उसने पैसे घेऊन. मला ही गोष्ट फार आवडते. वेड डोक्यात शिरल्यावर आधी तिला नेऊन दाखवलं, मग पुढचं.

पुढचं मात्र सोपं नव्हतं. रोज चार-पाच तास चित्रपट बघून आणि रात्री जागून फाळक्यांचे डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा नक्की केला, तंत्र शिकले आणि एप्रिलमध्ये परत आले. सावकारांचा विश्वास बसावा म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याच्या वाढीचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर तो वाटाणा बघता बघता वेल झाला! तेव्हा कुठे पैसे मिळाले. तेही पुरले नाहीत, आणि सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

चित्रपट तयार झाला दादरला, मथुरा भवन या बंगल्यात. त्या रस्त्याला आज दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे. दिवसा आवारात चित्रीकरण, बाहेरचे काही प्रसंग वांगणीला. साठ-सत्तर माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे. एवढ्यावर संपलं असतं तर आपण "अन्नपूर्णा हो!" म्हणून मोकळ्या झालो असतो. पण त्या काळी कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडलेली नसत. ती रात्री अंधारात, एकसारख्या अंतरावर पाडावी लागत. ते काम त्या शिकल्या. रसायनं मिसळणं, फिल्म धुणं शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात तासन्‌तास पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. आज सिनेमाच्या शेवटी या एकेका कामापुढे वेगवेगळी नावं येतात. इथे एकच बाई होती, आणि मुलं सांभाळून.

तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी सरस्वतीबाईंनाही विचारलं होतं म्हणे. बाकीचं सगळं मीच बघते, त्यात हे कधी करू, अशी त्यांची तक्रार असल्याचं सांगतात. बरोबरच होतं त्यांचं. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलातले आचारी अण्णा साळुंके तारामती झाले.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि गर्दी लोटली. त्याच वर्षी फाळक्यांनी नाशिकला बिऱ्हाड हलवलं. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. कमलाबाई म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी. १९१७ च्या 'लंकादहन'ने भरपूर पैसा दिला. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लेक मंदाकिनी. घरचं माणूस पुन्हा कामाला आलंच!

पण १९१८ मध्ये भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली आणि पैसे दुसऱ्याचे झाले. हिशेब, खर्च, कुणाचं ऐकायचं, यावरून वाद. फाळके चिडून काशीला निघून गेले, नंतर परत आले, पण पूर्वीचा जोर राहिला नाही. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

अमेरिकेत जॉन कॅसाव्हेटीस नावाचे दिग्दर्शक होऊन गेले. मोठ्या स्टुडिओंपुढे हात पसरायचा नाही म्हणून त्यांनी राहतं घर गहाण टाकून १९७४ साली एका गृहिणीच्या घुसमटीवर सिनेमा काढला. गृहिणी झाली होती त्यांची पत्नी जीना रोलंड्स. निदान तिला ऑस्करचं नामांकन तरी मिळालं. दादरची बाई चादर धरून उभी राहिली, ती चौकटीच्या बाहेर.

दागिने गहाण टाकून नवऱ्याचा धंदा उभा करणाऱ्या आमच्या गटातही पाच-सहा जणी आहेत. कर्जाच्या अर्जावर 'व्यवसाय' या रकान्यात त्या 'घरकाम' लिहितात. मी इतकी वर्षं तो अर्ज तसाच पुढे पाठवत आले. सिनेमानंतरच्या बैठकीत मी एक वही ठेवली, दुकानात किंवा गिरणीत आपण किती तास बसतो ते रोज लिहायला. "असलं काय लिहायचं ताई?" म्हणून दोघी हसल्या. जिने पगाराचं विचारलं होतं, तिच्या नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिने पहिल्या दिवशी लिहिलं, साडेसहा तास. खाली कंसात: स्वयंपाक धरला नाही.