डिझेलात पाणी गेलं तर आधी सेल्फ मारणं थांबवा



वापसा आला, ट्रॅक्टरात डिझेल भरलं, शेताकडं निघालात आणि थोडं अंतर जाताच ट्रॅक्टर झटके देत बंद पडला. किंवा तालुक्याहून परतताना जीपचं तसंच झालं. अशा वेळी आपण काय करतो? सेल्फ मारतो. लागलं नाही की पुन्हा मारतो. तरीही नाही, तर चार माणसं बोलावून ढकलतो. डिझेलात पाणी असेल, तर मोठं नुकसान याच खटाटोपात होतं.

भरल्या भरल्या गाडी बंद का पडत नाही? नळीत आणि फिल्टरात आधीचं चांगलं डिझेल असतं, ते संपेपर्यंत इंजिन चालतं. मग पाणी पुढं सरकतं. फिल्टरची वाटी थोडं पाणी अडवते. ती भरली की पाणी डिझेल-पंपात शिरतं. या पंपाच्या दट्ट्यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. दट्ट्याभोवतीची फट अवघी २ ते ४ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाचा साधारण विसावा हिस्सा. पाण्यानं तिथं धातूवर धातू घासतो, आणि गाडी तशीच उभी ठेवली तर गंज चढतो. नॉझलच्या तापलेल्या टोकात पाण्याची एकदम वाफ होऊन टोकही फुटतं.

जुन्या ट्रॅक्टरचा पंप थोडंफार सोसतो, त्याची दुरुस्तीही होते. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या जीपा, मोटारी आणि मोठे ट्रॅक्टर यांचं तसं नाही. मोटारीच्या चाकात हवेचा दाब दोन-अडीच बार असतो. या इंजिनांत डिझेलचा दाब हजार बारच्या पुढं जातो. तिथं पंप घासला, की त्याचा चुरा सगळ्या इंजेक्टरांत पसरतो आणि सगळा संच बदलायची पाळी येते.

म्हणून चावी काढा. फिल्टरचा खालचा नट किंवा टाकीचा ड्रेन प्लग सैल करून काचेच्या स्वच्छ बाटलीत डिझेल घ्या आणि अर्धा तास हलवू नका. एक लिटर पाणी १ किलो भरतं, तर डिझेल साधारण ८३० ग्रॅम. त्यामुळं पाणी तळाशी बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. सगळं डिझेल ढगाळ दिसलं, तरी पाण्याचाच संशय धरा. रॉकेलची भेसळ मात्र डोळ्यांना कळत नाही. वासावरून सांगणारे गावोगाव भेटतात, त्यांच्यावर विसंबू नका.

पाणी दिसलं तर टाकी पूर्ण रिकामी करा. हे काम उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको. टाकी थोड्या चांगल्या डिझेलनं विसळा, वाटी पुसा, फिल्टर नवे घाला. जुना फिल्टर झटकून पुन्हा बसवण्याची काटकसर महागात पडते. चांगलं डिझेल भरून हातपंपानं एअर काढा. बुडबुडे थांबले की मगच सेल्फ. त्यानंतरही ठोके किंवा पांढरा धूर येत राहिला, तर पंप आणि नॉझल कॅलिब्रेशनवाल्याकडं द्या. गाडी कॉमन रेलची असेल तर घरी काहीच खोलू नका. ओढून गॅरेजला न्या. काढलेलं डिझेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

डिझेल थेट पंपावरून टाकीत भरलं असेल, तर गाडी रिकामी करण्याआधी दोन बाटल्या बाजूला काढा, तारीख घाला, साक्षीदार ठेवा, पावती जपा. पंपावर घनता तपासून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, तक्रारवहीही तिथं असते. तहसीलच्या पुरवठा शाखेला लेखी कळवा, म्हणजे रीतसर नमुना घेता येतो. तुम्ही घेतलेल्या बाटलीपेक्षा त्या नमुन्याला वजन अधिक. ग्राहकांसाठीचा १९१५ हा फोन क्रमांक फुकट आहे. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत जाता येतं, वकील लागतोच असं नाही. गॅरेजवाल्याकडून नुकसानीचं कारण लिहून घ्यायला विसरू नका.

पण डिझेल कॅनमधून आणलं असेल, तर पंपवाला तुमच्याच कॅनकडं बोट दाखवील, आणि पुष्कळदा तो खराही असतो. पावसाळ्यात ड्रम उघड्यावर उभा असला की झाकणाभोवती पाणी साचतं. दिवसा ड्रम तापतो, रात्री निवतो, तेव्हा आतली हवा आकसते आणि ते पाणी बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. बूच घट्ट असूनही हे होतं! म्हणून ड्रम छपराखाली, लाकडाच्या ओंडक्यांवर आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असा. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी डिझेलसाठी वापरू नका. भरलेला ड्रम एक दिवस स्थिर राहू द्या, तळाचं चार बोटं डिझेल काढूच नका आणि ओतताना बारीक जाळीची गाळणी लावा. ट्रॅक्टरची टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं.