पाण्यातून येणाऱ्या काविळीचा माग : पुण्यातील संशोधनाचा मागोवा

हिपॅटायटिस ई हा दूषित पाण्यातून पसरणारा यकृताचा विषाणुजन्य आजार आहे. भारतातल्या काविळीच्या मोठ्या साथींमागे मुख्यतः हाच विषाणू असतो, हे उलगडण्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा (एनआयव्ही) आणि तेथील तत्कालीन विषाणुशास्त्रज्ञ डॉ. विद्या अरणकल्ले यांचा मोठा वाटा आहे.

या कामाची सुरुवात दिल्लीच्या साथीपर्यंत मागे जाते. 1955च्या डिसेंबरात आणि 1956च्या जानेवारीत तेथे सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेतून थेट वजिराबादच्या जलकेंद्रात शिरले होते. त्या काळी ही साथ हिपॅटायटिस एची मानली गेली. पण दोन गोष्टी जुळत नव्हत्या. ‘ए’ची लागण भारतात बहुतेकांना बालपणीच होऊन जात असे, आणि इथे तर तरुण व प्रौढ आजारी पडले होते. शिवाय गर्भवतींचे मृत्यू फार होते.

उत्तर दडले होते जपून ठेवलेल्या रक्तद्रवात. हिपॅटायटिस ए आणि बी ओळखणाऱ्या चाचण्या 1970च्या दशकात हाती आल्या. मग एनआयव्हीतील डॉ. एम. ए. श्रीनिवासन, डॉ. खोर्शेद पावरी आणि अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट पर्सेल यांच्या चमूने दिल्ली, अहमदाबाद व पुण्यातल्या साथींचे नमुने तपासले. दिल्लीचे नमुने तर जवळपास पाव शतक जुने होते. साथीचे कारण ‘ए’ही नव्हते आणि ‘बी’ही नव्हते. हा निष्कर्ष 1980 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीर खोऱ्यातील साथीवरून स्वतंत्रपणे हेच मांडले.

आता विषाणू प्रत्यक्ष दिसायला हवा होता. 1983 साली रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बालायन यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन करून लागण ओढवून घेतली आणि विषाणुसदृश कण पाहिले. अरणकल्ले व सहकाऱ्यांनी माकडांवर प्रयोग केले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे 30 नॅनोमीटरच्या कणांचा या आजाराशी संबंध जोडून दाखवला. हा शोधनिबंध 1988 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. 1990 साली विषाणूची जनुकीय ओळख पटली आणि ‘हिपॅटायटिस ई’ हे नाव रूढ झाले.

प्रतिपिंडांच्या चाचण्या मिळताच अरणकल्ले यांच्या गटाने देशातल्या जुन्या साथींचे नमुने पुन्हा तपासले. बहुतेक साथी ‘ई’च्याच निघाल्या. पुण्यातील पाहण्यांत ‘ई’ची प्रतिपिंडे लहान मुलांत क्वचित, तर तरुणांत बऱ्याच प्रमाणात आढळली. म्हणजे ‘ई’ची लागण बालपणी नव्हे, तर मोठेपणी होत होती. दिल्लीत प्रौढच का आजारी पडले, याचा उलगडा त्यातून झाला. 1982 ते 1998 या काळातील तुलनेत आणखी एक बदल दिसला. राहणीमान सुधारलेल्या घरांतील मुलांना ‘ए’ची लागण लहानपणी होईनाशी झाली होती. ‘ए’ मोठेपणी झाला तर जास्त त्रास देतो, म्हणून ही नोंद महत्त्वाची ठरली. पुढे भारतातील डुकरांत ‘ई’चा चौथा जनुकीय प्रकार सापडला, माणसांतल्या साथी मात्र पहिल्या प्रकाराच्या होत्या.

साथ उसळते कशी, हे नळाजवळ उभे राहिले की कळते. अनेक शहरांत पाणी ठराविक वेळीच येते. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतला दाब उतरतो. सांध्याला भेग असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर घाण पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी नळ आला की ते पहिल्या हंड्यात उतरते. लागण झाल्यावर कावीळ दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. तोवर गळती कुठे होती याचा मागमूसही राहत नाही.

2012 साली इचलकरंजीत हिपॅटायटिस ईची मोठी साथ आली. चीनमध्ये त्याच सुमारास लस वापरात आली. भारतात आजही मुख्य आधार आहे तो गटारापासून दूर टाकलेली जलवाहिनी, पाण्यातील क्लोरीनची रोजची तपासणी, उकळलेले पाणी आणि काविळीचे पहिले रुग्ण दिसताच केलेली गळतीची शोधाशोध यांचा. गर्भवतींच्या बाबतीत हे जीवनमरणाचे ठरते, कारण शेवटच्या तिमाहीत हा आजार दर चार-पाच बाधित महिलांपैकी एकीचा जीव घेऊ शकतो.