कोंबडीपालन, परसातील

घरालगतच्या मोकळ्या जागेत पाच ते दहा कोंबड्या पाळून कुटुंबापुरती अंडी मिळविण्याची पद्धत. कोंबड्या दिवसा परसात चरतात व रात्री खुराड्यात राहतात. कोंबड्याविनाही कोंबडी अंडी घालते. त्यामुळे दाट वस्तीत कोंबडा न ठेवणे सोयीचे असते.

खुराड्याची रचना हवामानावर अवलंबून असते. कोकणात, विशेषतः ठाणे जिल्ह्यातील डोंबिवलीसारख्या दमट भागात, ओल ही मुख्य अडचण होय. पावसाळ्यात ओलसर विष्ठेत रक्ती हगवणीचे परजीवी झपाट्याने वाढतात व त्यामुळे पिले दगावतात. म्हणून येथे खुराडे उबदार असण्यापेक्षा कोरडे व हवेशीर असणे महत्त्वाचे ठरते.

खुराडे : दहा कोंबड्यांसाठी २ मी. लांब व १.२५ मी. रुंद खुराडे पुरते. ते उंचवट्यावर, जमिनीपासून सु. ७५ सेंमी. उंच खांबांवर उभारतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीकाठचा सखल भाग जलमय झाला होता. अशा ठिकाणी जोते आणखी उंच घ्यावे लागते. तळासाठी बांबूच्या कांबी सु. २ सेंमी. अंतराने ठोकतात, म्हणजे विष्ठा खाली पडते. पावसाचा मारा येणारी नैर्ऋत्येकडील बाजू बंद ठेवून इतर बाजूंस बारीक छिद्रांची मजबूत जाळी लावतात. तिच्यामुळे मुंगूस व घूस यांपासूनही संरक्षण मिळते. छपराच्या वळचणी ६० सेंमी. बाहेर काढतात. बसण्यासाठी दर कोंबडीस २० सेंमी. दांडी आणि चार-पाच कोंबड्यांमागे ३० सेंमी. लांबी-रुंदीची, भाताचे तूस घातलेली एक पेटी देतात.

खाद्य : अंड्यावरील कोंबडीस दिवसाला सु. ११० ग्रॅ. खाद्य लागते, चराईची सोय असल्यास यातील काही भाग बाहेर मिळतो. घरगुती मिश्रणात तांदळाची कणी किंवा भरडलेला मका ४५, भाताचा कोंडा २२, भुईमुगाची पेंड १६, सुक्या मासळीची कुटी ८, शिंपल्यांचा चुरा ७ व खनिज मिश्रण २ भाग घेतात. मासळी मीठ न लावता सुकविलेली असावी, कारण जादा मीठ कोंबड्यांस विषारी ठरते. पेंडीस बुरशी आल्यास अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष निर्माण होण्याचा धोका असतो. वाळविल्याने वा शिजविल्याने ते नाहीसे होत नाही. म्हणून अशी पेंड टाकूनच देतात. पावसाळ्यात खाद्य एका आठवड्यापुरतेच आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे हिताचे असते.

पाणी : डब्याच्या काठापासून सु. १.५ सेंमी. अंतरावर भोक पाडून, तो पाण्याने भरून, त्याहून रुंद व ३ सेंमी. खोल ताटलीत उपडा ठेवतात. ताटलीतील पाणी भोकाच्या वर आले की हवा आत जाणे थांबते व पाणी येणे बंद होते. कोंबड्या पाणी प्याल्या की ते पुन्हा येऊ लागते. त्यामुळे पाणी सांडत नाही व जमीन कोरडी राहते.

आरोग्य : राणीखेत (मानमोडी) रोगावर पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लस व पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर२बी लस देतात. बर्ड फ्लूचा उपद्रव २००६ मध्ये नवापूर (नंदुरबार जिल्हा) येथे व २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात झाला. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्यास मृत पक्षी हाताळू नयेत, ते खाऊ वा विकू नयेत. नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. परसातील काही कोंबड्यांचा आजार शेजारच्या वस्तीपर्यंत पोहोचू शकतो, हे ध्यानी घेऊन ही दक्षता बाळगणे आवश्यक असते.