आजी-आजोबांची शाळा आणि रंगाचा धडा

आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यावरील गावात मे महिना म्हणजे नातवंडांचा महिना. मुंबई-पुण्याहून आलेली मुले दिवसभर पुळणीवर खेळतात आणि संध्याकाळी ओटीवर बसलेल्यांपैकी कोणीतरी सहज बोलून जाते, ‘किती काळवंडलास रे!’ मुलगी असेल तर पुढे डाळीचे पीठ, हळद आणि लग्नाची काळजीही येते. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. परंतु दोन भावंडांतील एक गोरे आणि एक सावळे असेल, तर सावळ्या मुलाला ते वाक्य बराच काळ विसरता येत नाही.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. अमेरिकेतील केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1940च्या सुमारास लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी ‘चांगली’ म्हणून गोरी बाहुली निवडली. शाळांमधील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या 1954च्या निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या संशोधनाचा आधार घेतला. स्वतःच्या रंगाविषयीचा कमीपणा मूल किती लहान वयात शिकते, हे त्यातून दिसले. जे घरात शिकले जाते, ते बदलण्याचे कामही घरातच सुरू करता येते आणि त्यासाठी आजी-आजोबांइतका निवांत वेळ क्वचितच कोणाकडे असतो.

घरी शिकलेला एक मुलगा

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे 1981 साली प्रसिद्ध झालेले पुस्तक असेल. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामगिरीच्या अखेरच्या वर्षांत जन्मला. लहानपणीच आईची ताटातूट झाली आणि प्रकृती नाजूक राहिली. जवळची शाळा कृष्णवर्णीय मुलांना घेत नव्हती. ज्या कुटुंबाकडे त्याची आई गुलाम होती, त्याच कुटुंबातील सुझन कार्व्हर यांनी त्याला घरी लिहायला-वाचायला शिकवले. शेतावरची अवजड कामे त्याला झेपत नसत. म्हणून स्वयंपाक, शिवणकाम आणि बागकाम त्याच्या वाट्याला आले. झाडांचे वेड तेथेच लागले. पुढे एका महाविद्यालयाने रंग पाहून त्याला दारातून परत पाठवले. तरीही तो शिकला आणि 1896 साली टस्कीगी येथील संस्थेत शेतीशास्त्राचा अध्यापक झाला. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग आणि चवळीसारखी पिके घ्या, हे त्याने गरीब शेतकऱ्यांना शिकवले.

आजही अमेरिकेतील अनेक कृष्णवर्णीय पालक मुलांना घरी शिकवतात. तेथील जनगणना विभागाच्या पाहणीनुसार अशा कुटुंबांचे प्रमाण 2020च्या वसंत ऋतूत 3.3 टक्के होते. महासाथीच्या काळात, त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, ते 16.1 टक्क्यांवर गेले. आपल्या मुलांचा इतिहास केवळ गुलामगिरीपासून सुरू होऊ नये, ही अनेकांची तळमळ असते. म्हणून ते आफ्रिकेतील राज्यांचा इतिहास सांगतात, मुलाला आपल्यासारखा चेहरा दिसेल अशी पुस्तके निवडतात आणि जमेल तसा प्रवास घडवतात.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. दापोलीला लागूनच असलेल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. शाळेत त्यांना वेगळे बसावे लागले. मात्र घरी सुभेदार रामजी मुलांकडून पाठांतर करून घेत, कबीर समजावून सांगत आणि अभ्यासासाठी भीमरावांना पहाटेपूर्वी उठवत. शाळेने नाकारलेला मान मुलाला घरात मिळत होता.

आपल्या ओटीवरची शाळा

यासाठी मुलाची शाळा सोडवण्याची गरज नाही. सुट्टीतील रोजचा एक तास पुरे.

आरंभ स्वयंपाकघरातून करावा. आपली नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतील. चवळीही आफ्रिकेतूनच आलेली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. भाकरी थापताना नातवाला नकाशावर इथिओपिया दाखवा. ज्या काळसर भाकरीवर आपली हाडे पोसली, तिच्या रंगाला आपण कधी नावे ठेवली नाहीत, हेही त्याला सांगा.

त्यानंतर इतिहास. कड्यावरच्या गणपतीच्या टेकडीवरून सुवर्णदुर्ग दिसतो. मराठी आरमाराच्या गोष्टी आपण रंगवून सांगतो आणि त्यांत सिद्दी केवळ शत्रू म्हणून येतो. त्याच्याशी झालेल्या लढाया लपवू नयेत. परंतु आफ्रिकी वंशाच्या या लोकांनी जंजिऱ्यावर राज्य केले आणि त्यांचे संस्थान 1948पर्यंत टिकले, हेही सांगावे. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्याने जमीनमहसुलाची व्यवस्था लावली आणि 1610 साली खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले. काळ्या रंगाचा माणूस आपल्याच मातीत मुत्सद्दी आणि नगररचनाकार होता, हे कळलेल्या मुलाला आरशात वेगळा चेहरा दिसू लागतो.

मग प्रवास. वेसवी-बागमांडला आणि दिघी-आगरदांडा या दोन फेरीबोटींनी खाड्या ओलांडत राजपुरीला जाता येते. तेथून शिडाच्या होडीने जंजिरा गाठता येतो. पावसाळ्यात हा किल्ला बंद असतो. हा प्रवास घाईने एका दिवसात उरकू नये. वाटेत मुक्काम करावा. होडीतून किल्ल्याच्या पायरीवर उतरताना तोल सांभाळावा लागतो. गुडघ्यांचा त्रास, चक्कर किंवा हृदयविकार असेल तर आपण धक्क्यावरच थांबावे आणि परतल्यावर नातवाकडून किल्ल्याचे वर्णन ऐकावे. रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे, पाणी आणि थोडे खाणे जवळच्या पिशवीत ठेवावे.

हे मात्र थांबवा

सावळेपणा हा आजार नाही. त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे तो येतो आणि तेच उन्हापासून काही प्रमाणात संरक्षण देते. गोरे करण्याचे आश्वासन देणाऱ्या काही मलमांत पारा किंवा स्टिरॉइड आढळते. पाऱ्यामुळे मूत्रपिंडांना इजा होऊ शकते आणि स्टिरॉइडमुळे त्वचा पातळ होते. वैद्यकीय सल्ल्याविना असे मलम मुलांना लावू नये. भावंडांच्या रंगाची तुलना, ‘काळी असली तरी नाकीडोळी नीटस’ असले कौतुक आणि रंगावरून ठेवलेली टोपणनावे घरातून जाऊ द्यावीत. पाहुण्यांनी तसे काही म्हटले, तर मुलासमोरच सौम्य शब्दांत अडवावे. आजी आपल्या बाजूने बोलली, हे मुलाच्या लक्षात राहते.

या शाळेचा लाभ शिकवणाऱ्यालाही होतो. एकटेपणा हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांपैकी एक मानला जातो. रोज मोठ्याने दोन पाने वाचणे, जुने आठवून सांगणे आणि मुलाच्या प्रश्नांना उत्तरे शोधणे यांत मन गुंतून राहते. डोळ्यांना त्रास होत असेल तर वाचन नातवाकडे आणि अर्थ सांगणे आपल्याकडे, अशी वाटणी करावी. ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनी या एका तासाला औषधाच्या वेळेइतकेच महत्त्व द्यावे. त्या वेळी दूरदर्शन बंद असावे, चष्मा पुसून हाताशी ठेवलेला असावा आणि कार्व्हरचे पुस्तक कपाटातून काढून ओटीवर आणलेले असावे.