ड्रायव्हरवर आळ घेण्याआधी

नव्या मदरबोर्डवर लिनक्स बसवलं, केबल जोडली आणि नेट आलं नाही, की संशय थेट ड्रायव्हरवर जातो आणि उत्पादकाच्या साइटवर शोधाशोध सुरू होते. ही विंडोजने लावलेली सवय. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. त्यामुळे ‘ड्रायव्हर सापडत नाही’ याचा अर्थ बरेचदा कर्नल चिपपेक्षा जुना आहे, एवढाच असतो. रिअलटेकची आरटीएल-८१२५ ही अडीच गिगाबिटची चिप आर-८१६९ या ड्रायव्हरला चालवता येऊ लागली ती २०१९ च्या ५.४ कर्नलपासून.

म्हणून आधी पुरावा पाहावा. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-एनएनके’ जोडून दिली, की चिपचा ओळख क्रमांक दिसतो: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल (आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा इंटेलने इथेही मिरवला आहे). त्याखाली वापरातल्या ड्रायव्हरचं नाव असेल, तर बिघाड बहुधा पुढे कुठेतरी आहे: केबलमध्ये, आयपी पत्ता मिळण्यात, किंवा फर्मवेअरची फाइल नसण्यात. ती कमतरता ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत कळते. ड्रायव्हर नाहक कसा बदनाम होतो, हे २००८ साली दिसलं. कर्नल २.६.२७ च्या चाचणी आवृत्तीत इंटेलच्या ऑनबोर्ड चिपांची स्मृती पुसली जाऊन कार्डं निकामी होऊ लागली. संशय साहजिकच ई-१००० ई या ड्रायव्हरवर गेला. दोष निघाला एफट्रेस या कर्नलमधल्याच माग काढणाऱ्या यंत्रणेत.

यावर कुणी म्हणेल, उत्पादकाचा आर-८१६८ हा ड्रायव्हर बसवला की काम होतं, मग एवढी चिकित्सा कशाला? काही यंत्रांवर होतं, हे खरं. पण कर्नलबाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करावा लागतो. डीकेएमएस ही प्रणाली हे काम आपोआप करते, पण कर्नलच्या आतली रचना बदलली की तीही अडते. आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सहीविना मॉड्यूल आतच घेतलं जात नाही. आधी नवा कर्नल बसवून पाहावा; उत्पादकाचा ड्रायव्हर शेवटचा उपाय म्हणून ठेवावा. दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: नेटच नाही, तर नवा कर्नल आणायचा कुठून? फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करावं. त्यासाठीचा ड्रायव्हर बहुतेक वितरणांच्या कर्नलमध्ये आधीपासूनच असतो.