तळहातावरचा संगणक आणि अभ्यासिकेतला जुना टी.व्ही.

अकोटला आमच्या वस्तीत विहाराला लागून एक लहानशी अभ्यासिका आहे. संध्याकाळी पंधरा-वीस मुले-मुली सतरंजीवर बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग मागतात, हे त्यांना पाठ आहे. पण हात बसवायला संगणक हवा ना! बाप हमालीवर, आई निंदणाला; त्या घरात संगणक कोठून येणार? आम्ही स्वतः कारकून. यंत्रावर हात बसवण्यासाठी दुसऱ्याच्या वेळेची वाट पाहणे म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगावयास नको.

मागच्या दिवाळीत आमच्या भाच्याने पुण्याहून पत्त्याच्या कॅटएवढी एक हिरवी पाटी आणली. "मामा, हा आख्खा संगणक आहे," म्हणाला. आम्हाला थट्टाच वाटली. ना डबा, ना पंखा, ना हार्डडिस्क. नाव रास्पबेरी पाय. मुलांच्या हाती स्वस्त संगणक यावा म्हणून इंग्लंडात केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला, तेव्हा किंमत ३५ डॉलर होती. नंतर त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. आमच्याकडची १ जीबी रॅमची, जुनीच आहे.

मोबाईलच्या चार्जरसारख्या तारेने वीज दिली, कुणाच्या घरी पडून असलेला जुना टी.व्ही. एव्हीच्या तारेने जोडला, आणि चालणारी यंत्रणा एका नखाएवढ्या कार्डावर भरली. ही यंत्रणा म्हणजे लिनक्स. तिचा घाट युनिक्सचा. युनिक्स १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. पुढे १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा स्वतः लिहिला आणि जगाला खुला केला. कुणीही वापरावा, उघडून पाहावा, दुरुस्त करून दुसऱ्यास द्यावा. परवान्याचा पैसा नाही. वस्तीतल्या अभ्यासिकेला याहून सोयीचे काय असणार?

आपल्याकडे हे अगदीच नवे आहे असेही नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरात-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप मिळाले होते. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचा तो भाग. त्यांतही लिनक्सच, हार्डडिस्क नाही, आणि रॅम २५६ एमबी, पहिल्या रास्पबेरीएवढीच.

युनिक्सची एक गोष्ट आम्हा कारकुनाला फार पटली. यंत्र एक, पण प्रत्येकाचे नाव वेगळे, परवलीचा शब्द वेगळा, कप्पा वेगळा. एकाची फाईल दुसऱ्याला पुसता येत नाही. कचेरीतल्या कपाटाच्या किल्ल्या इतक्या नेमाने सांभाळल्या असत्या तर किती कागद वाचले असते!

सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. प्रथम मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी दिसल्या. लोहित देवनागरी हा फुकट मिळणारा फॉन्ट घातल्यावर अक्षर उमटले. टी.व्ही.वर ते फिसकटलेले दिसे, म्हणून लिलावात निघालेला एक मॉनिटर घेतला. इंटरनेट नसले की यंत्राचे घड्याळ मागेच राही, कारण या पाटीवर घड्याळाची बॅटरी नसते. आवक-जावक नोंदवही लिहिणाऱ्या आम्हाला फाईलवरची चुकीची तारीख फार टोचली.

पण खरा फटका लोडशेडिंगने दिला. बारावी झालेली एक मुलगी दहा दिवस नेमाने सराव करीत होती. एका संध्याकाळी कार्डावर लिहिणे चालू असताना लाईन गेली, आणि परत आली तेव्हा यंत्र सुरूच होईना. "काकाजी, माहं सारं गेलं ना!" असे म्हणून ती रडू लागली. चूक आमची होती. नक्कल काढून ठेवायची असते, हे कचेरीत वीस वर्षे करूनही इथे विसरलो.

भाच्याने फोनवरून रीत सांगितली. आता मूळ कार्डावर काहीच कायमचे लिहिले जाणार नाही, अशी सोय यंत्रणेतच चालू केली आहे. मुलांचे काम वेगळ्या पेन ड्राईव्हवर जाते आणि शनिवारी त्याची दुसरी प्रत निघते. शिवाय भिंतीवर सूचना लावली आहे: आधी 'शटडाऊन', मग बटन. वैशाखात पाटी इतकी तापते की ८० अंशांच्या पुढे ती आपणहून गती कमी करते. त्यावर ॲल्युमिनियमचा एक तुकडा चिकटवला आणि जागा खिडकीपासून हलवली.

ज्यांना आपल्या गावी असे काही करावयाचे असेल त्यांनी परीक्षेला कोणता कळफलक असतो ते आधी विचारून घ्यावे. लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट तयार मिळतो. पण एकावर बसलेला हात दुसऱ्यावर आणावयास महिने जातात. पाळी अर्ध्या तासाची ठेवावी. मुलींची पाळी दिवेलागणीच्या आत, नाहीतर घरून पाठवीत नाहीत.

ती मुलगी चार दिवस आली नव्हती. आम्ही घरी जाऊन तिच्या आईशी बोललो. परत आली त्या दिवशी तिचा वेग नऊ शब्दांचा होता. परवा बावीस भरला.